पाठ टेकली की सुरू : खानावळवाल्या काकूंच्या पायांचं प्रकरण

सांगलीत माझं औषधांचं दुकान आहे. हे प्रकरण आमच्या ओळखीच्या एका काकूंचं. वय ५१, घरातूनच डबे करून देतात, दोन्ही वेळचे मिळून चाळीसेक, हाताखाली एक मावशी. काकूंना विचारूनच लिहिते आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तक्रार एवढीच की रात्री पाय स्वस्थ पडू देत नाहीत. ही पाच-सहा वर्षांपासूनची. तेवढ्या काळात तिला नावं मात्र बरीच मिळाली. दिवसभर ओट्याशी उभं राहून पाय भरून येतात. वात आहे. कॅल्शियम कमी आहे. बी-१२ कमी आहे. पायाच्या शिरा फुगल्यात. पाळी जायचं वय आहे, होतं असं. शेवटी, "तुम्ही विचार फार करता." प्रत्येक नावाबरोबर एक औषध आलं आणि त्यातली निम्मीअधिक घरातच राहिली. ती सगळी काकूंनी एका कापडी पिशवीत भरून माझ्या काउंटरवर आणून ठेवली, तिथून हे प्रकरण खऱ्या अर्थाने सुरू झालं.

पिशवीकडे येण्याआधी रात्र कशी जायची ते सांगते. साडेदहाला ओटा पुसून, दूध विरजून काकू आडव्या व्हायच्या. दहा मिनिटांत पोटऱ्यांच्या आत हाडाला लागून काहीतरी वळवळायला लागायचं. काका उठून काशाची वाटी आणि खोबरेल तेल घ्यायचे आणि तळपाय, पोटऱ्या घासायचे. घासणं चालू आहे तोवर बरं. हात थांबला की पुन्हा तेच. मग काकू जुनी ओढणी गुडघ्याखाली घट्ट आवळून बांधायच्या. तीही थोडा वेळ पुरायची. साडेअकरा-बारापासून येरझाऱ्या, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत, अनवाणी, कारण गार फरशीने जरा उतार पडायचा. कधी ओट्याला टेकून उभ्या उभ्या दुसऱ्या दिवशीचा लसूण सोलायच्या. तीनच्या सुमाराला पाय आपोआप शांत व्हायचे आणि डोळा लागायचा. साडेचारला गजर, कारण सातला पहिले डबे बाहेर पडायला हवेत.

काकांची तक्रार वेगळीच. काकू झोपल्या तरी त्यांचे पाय झोपत नसत. दर अर्ध्या मिनिटाला अंगठा वर, घोटा वर, गुडघ्याला हिसका. काकूंना स्वतःला याचा पत्ता नाही. काका हॉलमध्ये झोपायला लागले तेव्हा नातेवाइकांनी काय अर्थ काढायचा तो काढलाच.

मी काउंटरवर त्यांना जे विचारलं ते काही माझं संशोधन नाही, या आजाराचे ठरलेले प्रश्न आहेत.

"काकू, दुखतं की हलवावंसं वाटतं?"

"दुखत नाही गं. पण हलवल्याशिवाय राहवतच नाही. कुणी पाय धरून ठेवला तर मी ओरडेन."

"उठून चाललं की?"

"लगेच थांबतं. बसले की परत."

"दुपारी जेवून आडव्या होता तेव्हा?"

"दुपारी क्वचित. रात्रीचंच दुखणं हे."

"गोळा येतो का पोटरीला? दगडासारखी घट्ट होते का?"

"गोळा वेगळा. तो मला कधीतरी येतो, तेव्हा जीव जातो. हे तसं नाही."

पाय हलवण्याची अनावर ओढ, विसाव्यात सुरू होणं, हालचालीने उतरणं, संध्याकाळी-रात्री वाढणं. ही चार लक्षणं असली आणि दुसऱ्या कशाने, म्हणजे गोळे, शिरा, संधिवात, सुजेने, त्यांचा उलगडा होत नसला, तर तो रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, थोडक्यात आरएलएस. निदान या बोलण्यावरच होतं. एक्स-रे, एमआरआय, शिरांची सोनोग्राफी, यातलं काहीच त्याला लागत नाही. काकूंचा एक्स-रेही झाला होता आणि सोनोग्राफीही.

उभं राहून थकलेले पाय आडवं झाल्यावर निवतात. काकूंचे पाय आडवं झाल्यावर चेकाळायचे. हा फरक इतका उघड असताना पाच वर्षं तो कुणाच्या लक्षात कसा आला नाही? माझं मत असं की खानावळ म्हटल्यावर उत्तर आधीच ठरून जातं. बाई दहा तास उभी असते, पाय दुखणारच. काकूही डॉक्टरांकडे गेल्या की "पाय दुखतात" म्हणायच्या, कारण "पाय हलवावेसे वाटतात" ही काय तक्रार आहे का, असं त्यांना वाटायचं. शिवाय बसल्या बसल्या पाय हलवणं आपल्याकडे वाईट सवयीत जमा. लहानपणी त्यावरून त्यांनी आजीचा मार खाल्लेला.

आजार मात्र नवा नाही. लंडनच्या थॉमस विलिस या डॉक्टरने १६७२ साली अशा रुग्णांचं वर्णन लिहून ठेवलं आहे. पुढे १९४०च्या दशकात स्वीडनच्या कार्ल-आक्सेल एकबोमने त्याची नीट मांडणी केली आणि रक्तातल्या लोहाशी व गरोदरपणाशी त्याचा संबंध नोंदवला. तिथेच १९५०च्या दशकात नॉर्डलँडर या डॉक्टरने शिरेतून लोह दिल्यावर रुग्णांना बरं वाटत असल्याचं लिहिलं. म्हणजे काकूंच्या जन्माआधीच उत्तर बऱ्यापैकी कागदावर होतं.

आता पिशवी. कॅल्शियमच्या गोळ्या, दोन प्रकारच्या. बी-१२ची इंजेक्शनं घेऊन झालेल्याची चिठ्ठी. वेदनाशामक फवारा. मॅग्नेशियम. पित्ताची गोळी, रोज सकाळी, तीन वर्षं. 'पायांसाठी आणि झोपेसाठी' म्हणून एका डॉक्टरांनी दिलेली अमिट्रिप्टिलीन, १० मिलिग्रॅम. आणि तळाशी सर्दीच्या गोळ्यांची अर्धी संपलेली पट्टी. सर्दी कुणाला झाली विचारलं तर म्हणाल्या, "कुणाला नाही. ती घेतली की गुंगी येते. झोप लागेल म्हणून घेते अधूनमधून. पण त्या रात्री उलट जास्तच होतं, का कुणास ठाऊक."

कारण असं की सर्दीच्या बहुतेक जुन्या गोळ्यांत क्लोरफेनिरामिनसारखं गुंगी आणणारं अँटिहिस्टामिन असतं आणि त्याने आरएलएस चाळवतो. अमिट्रिप्टिलीन आणि नैराश्यावरच्या इतर बऱ्याच गोळ्याही त्याच यादीत आहेत. उलटीवरची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिनसुद्धा. डोळ्यांवर झापड आणि पायांत वळवळ, अशी रात्र त्या गोळ्यांनीच आणलेली असते. म्हणून रात्री पाय शिवशिवतात म्हणून कुणी झोपेची गोळी मागायला आलं तर मी आधी विचारते, सध्या काय काय चालू आहे. नवीन काय घ्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

सर्दीची गोळी काकूंनी त्याच दिवशी बंद केली, ती मनानेच घेतलेली होती. अमिट्रिप्टिलीनला मात्र हात लावू नका म्हटलं. डॉक्टरांनी सुरू केलेली नैराश्याची किंवा मेंदूवर काम करणारी गोळी एकदम सोडायची नसते, डोस लहान असला तरी. ती डॉक्टरांना दाखवायची, का नको तेही सांगायचं.

आणि रिपोर्ट. हिमोग्लोबिन १२.२. 'रक्त चांगलं आहे' असा शेरा. वर्षभरापूर्वी कुणीतरी फेरिटिनही करून घेतलं होतं, ते २१. लॅबच्या छापील मर्यादेत बसणारं, त्यामुळे ठळक अक्षर नाही, बाण नाही, कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

माझ्या मते या प्रकरणाची सगळी गाठ त्या २१ मध्ये आहे. फेरिटिन म्हणजे शरीराच्या कोठारात किती लोह शिल्लक आहे त्याचा अंदाज. एरवी निरोगी माणसात तो १५ च्या खाली गेला की जागतिक आरोग्य संघटना कमतरता धरते, म्हणून २१ चालून जातो. आरएलएससाठी पट्टी वेगळी आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत मोठ्या माणसाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, अथवा ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनावर किती टक्के लोह चढलं आहे ते, २० टक्क्यांखाली असेल, तर लोह द्यावं असं म्हटलं आहे. कारण इथे प्रश्न रक्ताचा कमी आणि मेंदूचा जास्त आहे. मेंदूच्या काही भागांत लोह कमी पडतं, डोपामिन हे रसायन बनवायला लोह लागतं आणि त्याचं चक्र बिघडतं. डोपामिनची पातळी मुळातच संध्याकाळनंतर उतरते, म्हणून पायांचं घड्याळही रात्रीचं. हिमोग्लोबिन ठणठणीत असतानाही हे होऊ शकतं.

लोह गेलं कुठे हेही शोधावं लागतं. काकूंना गर्भाशयात गाठी होत्या, चार-पाच वर्षं पाळीत फार जायचं. पाळी थांबून जेमतेम वर्ष झालं होतं. त्यात जेवण सगळ्यांत शेवटी, उरेल ते, आणि ताटावरून उठता उठता कपभर चहा. चहाने जेवणातलं लोह अडतं. पित्ताच्या रोजच्या गोळीनेही ते कमी शोषलं जातं.

मिरजेच्या मेंदूविकारतज्ज्ञांकडे काका-काकू गेले ते एका कागदासह. त्यावर मी फक्त चार ओळी लिहून दिल्या होत्या: केव्हा सुरू होतं, कशाने थांबतं, कुठल्या गोळीने वाढतं, फेरिटिन किती. डॉक्टरांनी पाय तपासले, नसांचा आजार नाही ना हे पाहिलं, साखर, थायरॉइड आणि क्रिएटिनिन करून घेतलं. किडनीच्या आजारातही पाय असेच शिवशिवतात, म्हणून क्रिएटिनिन. लोहाची तपासणी सकाळी उपाशीपोटी पुन्हा केली. फेरिटिन १९, सॅच्युरेशन १४ टक्के. पन्नाशीनंतर लोह कमी म्हटल्यावर पोटातून रक्त जात नाही ना, यासाठी शौचाची तपासणीही सांगितली. ती ठीक आली.

अमिट्रिप्टिलीन त्यांनी कमी करत बंद केली. पित्ताची गोळी खरंच लागते का, हे फॅमिली डॉक्टरांना विचारून ती गरजेपुरती ठेवली. लोहाची गोळी दिवसाआड, रात्री नव्हे तर सकाळी, लिंबूपाण्याबरोबर, मागेपुढे चहा-दूध-कॅल्शियम काही नाही. दिवसाआड का, तर लोह पोटात गेलं की शरीर पुढचा दिवसभर आतड्याचं दार अर्धवट ओढून घेतं. रोज घेतल्याने त्या मानाने फायदा वाढत नाही, पोट मात्र बिघडतं. शौचाला काळं होईल हेही आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर लोक तिसऱ्या दिवशी गोळी सोडतात.

लोहाला वेळ लागतो. तोवर रात्र कशी काढायची म्हणून प्रीगाबालिन ही नसांवर काम करणारी गोळी, ७५ मिलिग्रॅम, झोपण्याआधी दीड तास. पहिल्या आठवड्यात काकूंना पहाटे उठल्यावर भोवंडल्यासारखं व्हायचं आणि समोर उकळती आमटी. हे मला काकांनी सांगितलं, काकूंनी नाही. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी वेळ आणखी अलीकडे घ्यायला सांगितली, तेव्हा जमलं. वजन वाढणं, पायाला सूज, तोल जाणं यावर या गोळीसाठी लक्ष ठेवावं लागतं. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणून घेण्याची ही गोष्ट नाही.

इथे एक विषयांतर. याच आजाराचे एक गृहस्थ माझ्याकडून बरीच वर्षं प्रॅमिपेक्सोल नेत होते. पहिल्या रात्रीच जादू, असं ते म्हणायचे, आणि ते खरंच असतं. मग गोळी एकाची दीड झाली, दोन झाल्या, त्रास रात्री दहाऐवजी संध्याकाळी पाचला सुरू व्हायला लागला आणि हातांतही उतरला. डोपामिनसारखं काम करणाऱ्या या औषधांनी काळाच्या ओघात अनेकांचा आजार उलट वाढतो. काहींना जुगाराचा किंवा खरेदीचा नाद लागल्याच्याही नोंदी आहेत. पूर्वी हीच पहिली गोळी असायची. आता सरसकट वापरू नये असा सल्ला आहे. जे घेत आहेत त्यांनी मात्र घाबरून मनाने बंद करू नये, एकदम सोडली तर रात्र असह्य होते.

काकूंच्या घरात खरा बदल झाला तो गोळ्यांपेक्षा वेळापत्रकात, असं मी म्हणेन. या आजारात पहाटेची झोप सर्वांत चांगली असते आणि काकूंचा गजर नेमका तेव्हाच व्हायचा. तीन ते साडेचार एवढ्याच झोपेवर बाई कितीतरी वर्षं चालत होती. डॉक्टर म्हणाले, सहापर्यंत झोपा. काकू म्हणाल्या, मग डबे कोण देणार? आठवडाभर घरात यावर वाद झाला. शेवटी भाजी रात्रीच चिरून ठेवायची, मावशींना पाचला बोलवायचं, कणीक आणि पहिल्या पोळ्या त्यांच्या हातच्या. मावशींचा पगार वाढला, काकूंचा नफा कमी झाला. दोन गिऱ्हाइकांनी पोळ्या बदलल्याची तक्रार केली. काकूंना ती झोंबली, पण गजर सहावरच राहिला.

रात्रीच्या ज्या युक्त्या त्या आपणहून करत होत्या त्यातल्या बऱ्याच बरोबर होत्या. घासणं, ओढणी, गार फरशी, चालणं, यांनी उतार पडतो. ओढणी मात्र इतकी आवळायची नाही की पाऊल बधिर होईल. काहींना गार नको, गरम पाण्याची बादली लागते. ज्याचं त्याने ठरवावं. लसूण सोलणंही उगाच नव्हतं. डोकं गुंतलं की ओढ कमी होते, म्हणून कुणी शब्दकोडं सोडवतं, कुणी विणतं. मोबाइलवर नुसतं बोट फिरवत पडून राहण्याने ते होत नाही, तिथे पाय मोकळे राहतात आणि झोपही उडते. संध्याकाळी वीस मिनिटं चालणं आणि पोटऱ्या ताणणं यांचाही उपयोग झाला. रात्री उशिरा दमेपर्यंत व्यायाम केला तर उलटं होतं. संध्याकाळचा चहा त्यांनी सोडला. चहा-कॉफीने आरएलएस वाढतो याचा पुरावा तोकडाच आहे, पण झोपेसाठी आणि लोहासाठी तो सोडण्यात तोटा नव्हता. मॅग्नेशियमचा पुरावाही असाच पातळ. ती बाटली संपल्यावर त्यांनी नवी घेतली नाही.

बसून राहण्याचे प्रसंग आधी ओळखून ठेवले. सप्ताहात कीर्तनाला काकू आता मागे भिंतीशी उभ्या असतात, कुणी खुर्ची पुढे केली तर सरळ सांगतात की पाय बसू देत नाहीत. मुंबईला भावाकडे जाताना रात्रीची बस पूर्ण बंद, दिवसाची गाडी, कडेची जागा. काका पुन्हा आतल्या खोलीत झोपायला आले, पण वेगळ्या कॉटवर. लाथा कमी झाल्यात, थांबलेल्या नाहीत.

तीन महिन्यांनी फेरिटिन ३८. सुधारणा होती, पण रात्री आठवड्यातून तीन-चार वाईट. पोटही गोळ्यांनी कुरकुरत होतं. डॉक्टरांनी शिरेतून लोह द्यायचं ठरवलं, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज, एकूण १००० मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. रुग्णालयातच, सलाईनमधून, आणि नंतर अर्धा तास तिथेच बसवून ठेवतात, कारण क्वचित ॲलर्जी येते. यानंतर काहींच्या रक्तातलं फॉस्फेट उतरतं, तेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. काकूंना वाटलं होतं सुई टोचली की त्या रात्री झोप. तसं होत नाही. कोठार भरून मेंदूपर्यंत परिणाम पोचायला काही आठवडे जातात, आणि सगळ्यांनाच गुण येतो असंही नाही. दुसऱ्या महिन्यात काकू एकदा सकाळी दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "काल मी सरळ झोपले गं." एवढंच.

सध्या फेरिटिन १४० च्या आसपास आहे. प्रीगाबालिन चालूच आहे, कमी करण्याचा विचार पुढच्या भेटीत. महिन्यातून दोन-तीन रात्री अजूनही येरझाऱ्या होतात, विशेषतः लग्नसराईत, जेव्हा डब्यांच्या जोडीला जेवणावळींची ऑर्डर असते आणि झोपायला एक वाजतो. दर काही महिन्यांनी लोह तपासायचं आहे. ते खाली गेलं की पाय आधी सांगतील, रिपोर्ट नंतर, असं डॉक्टरांनीच त्यांना म्हटलं आहे. मनाने लोहाच्या गोळ्या वाढवायच्या नाहीत, हेही. जास्तीचं लोह शरीर बाहेर टाकू शकत नाही.

काकूंची आई रात्रभर अंगणात फिरायची. घरात तिला 'झोप न येणारी बाई' म्हणायचे आणि सोडून द्यायचे. हा आजार रक्ताच्या नात्यात पुष्कळदा सापडतो, हे कळल्यावर काकूंनी पुण्याच्या मुलीला फोन केला. मुलीला सातवा महिना आहे आणि दोन आठवड्यांपासून तिचेही पाय रात्री राहत नाहीत. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत हे बऱ्याच बायकांना होतं आणि बाळंतपणानंतर बहुतेकींचं जातं, पण घरात आजार असेल तर दुर्लक्ष करू नये. तिने सर्दीची गोळी घ्यायची नाही, आईची प्रीगाबालिन तर मुळीच नाही, आणि येत्या तपासणीला बाळंतपणाच्या डॉक्टरांना फेरिटिन लिहून द्यायला सांगायचं, एवढं काकूंनी तिला फोनवर दोनदा वदवून घेतलं. तपासणी येत्या शनिवारी आहे.